'गोळ्या विकणाऱ्यानं डॉक्टरकी शिकवू नये': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हार्ट अटॅकमधल्या लो बीपीवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: अटॅकमध्ये बीपी वाढतं, उगाच भीती घालू नका; सॉर्बिट्रेटनं (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती गोळी) कितीतरी जीव वाचलेत; लेखाचं शीर्षक भडक आहे; आणि 'गोळ्या विकणाऱ्यानं डॉक्टरकी शिकवू नये'.

शेवटच्या वाक्याचं आधी बघू. हो, राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. त्यात लाज कसली? मतभेद असू देत, पण माणसाचा धंदा काढायची काय गरज होती? डॉक्टरांना विचारायला बिचकतात ते लोक काउंटरवर मला विचारतात. 'खिशात असू दे' म्हणून चिठ्ठीशिवाय सॉर्बिट्रेट मागणाऱ्यांना परत पाठवताना शिव्या मी खातो, तुम्ही नाही.

आणि माझ्या घरात हे घडलंय. वडील मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर होते. छातीत कळ आली तेव्हा बंडी घामानं चिंब, हात गारठलेले, बोलणं तुटक. शेजाऱ्यांनी चांगल्या मनानं स्वतःच्या डबीतली सॉर्बिट्रेटची गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. जिना उतरतानाच ते कोसळले. दवाखान्यात वरचं बीपी 70. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक. छातीच्या उजव्या बाजूला ईसीजीच्या तारा (लीड) लावल्यावर हृदयाच्या उजव्या कप्प्यालाही धक्का बसल्याचं दिसलं. असा कप्पा शिरांतून परत येणाऱ्या रक्ताच्या भरवशावर चालतो, आणि ही गोळी शिरा सैल करून तेच रक्त कमी करते. सलाईन सोडल्यावर बीपी चढलं, वडील वाचले. शेजाऱ्यांना आम्ही कधी बोल लावला नाही. पण हे बघितलेल्या माणसाला तुम्ही 'भीती घालतो' म्हणता?

अटॅकच्या सुरुवातीला पुष्कळांचं बीपी नॉर्मल किंवा वाढलेलं असतं, हे मान्य. ते लेखात जरा ठळक यायला हवं होतं. पण शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना कार्डिओजेनिक शॉक होतो. हृदयाचा इतका स्नायू निकामी होतो की रक्त पुढं ढकललंच जात नाही. वरचं बीपी 90 च्या खाली राहतं, लघवी कमी होते, माणूस बरळतो. उपचार मिळूनही त्यातले निम्म्याच्या आसपास दगावतात. आपल्याकडं घरात त्याला 'अशक्तपणा' समजून लिंबू-सरबत पाजत बसतात! बंद नस लवकर उघडली तर सहा महिन्यांनंतर जास्त लोक जिवंत असतात, हे 1999 च्या 'शॉक' नावाच्या वैद्यकीय अभ्यासात दिसलं. म्हणून सरबतात गेलेला वेळ महाग पडतो.

सॉर्बिट्रेट वाईट, असं मी कुठंही लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. वरचं बीपी 90 च्या खाली असताना, उजव्या कप्प्याचा अटॅक असताना किंवा गेल्या 24 तासांत व्हायग्रा घेतलेली असताना ती देऊ नये, एवढंच लिहिलंय. शीर्षकावर वाद घालायला मला वेळ नाही.

यातलं कुठलं वाक्य चूक आहे ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून इथंच लिहा, मी छापीन. धंद्यावर मात्र परत जाऊ नका.