मावशी अडून उभी राहिली आणि रांग तिच्यावरच चिडली

आज सकाळपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. कुठल्यातरी विमानतळावर एक माणूस तपासणीच्या जागी अडून उभा आहे, "कोणत्या नियमाखाली ते सांगा" एवढंच म्हणतोय आणि मागची रांग त्याच्यावर ओरडतेय. व्हिडिओ कुठला, कधीचा, त्याआधी काय घडलं, कुणालाच माहीत नाही. निकाल मात्र लागून गेला. "नौटंकी." "नो-फ्लाय लिस्टमध्ये टाका याला." "असल्यांमुळे आपली फ्लाइट चुकते." आणि मग ते ठरलेलं वाक्य, एका शिकल्यासवरल्या, माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातल्या माणसाकडून: "लपवायचं काही नसेल तर घाबरायचं कशाला?"

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. पण नेरूळहून लोकल पकडली तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. आता घरातली जेवणं आटोपून लिहायला बसलेय. लांबेल, पण वाचा.

लपवायचं असतं हो. माझ्या मावशीला लपवायचं होतं.

माझी मावशी उरण तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. काही वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झाला, एक बाजू काढावी लागली. तेव्हापासून ती आत सिलिकॉनचा आकार घालते. त्यासाठी खास शिवलेला कप्पा असतो आतल्या कपड्याला. घरात आम्हा दोघी-तिघींशिवाय कुणाला ठाऊक नाही. तिच्या सुनेलासुद्धा ती हे बोलून दाखवत नाही. तो तिचा प्रश्न आहे.

गेल्या पावसाळ्यात तिला मुलीकडे बंगळुरूला सोडायला मी सोबत होते. कोणता विमानतळ ते लिहीत नाही. बायकांच्या पडद्याआड तपासणीला गेल्यावर तिथल्या बाईंच्या हाताला ते लागलं. "ये क्या है?" मावशीने हळू आवाजात सांगितलं, कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, सिलिकॉनचं आहे. त्या म्हणाल्या, काढून ट्रेमध्ये ठेवा, एक्स-रेतून जाईल.

तो ट्रे कुठे निघतो ते तुम्हाला माहीत आहे ना? पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला, जिथे पुरुष, बायका, पोरं सगळे आपापले लॅपटॉप, पट्टे, बूट उचलायला गर्दी करून उभे असतात. कुणाच्या तरी बुटाच्या मागून माझ्या मावशीचं ते यायचं होतं आणि तिने ते चारचौघांत उचलायचं होतं.

मावशी म्हणाली, "ट्रेमध्ये नाही ठेवणार. बाजूच्या खोलीत चला, तिथे बघा, हात लावून बघा, काय ते यंत्र लावून बघा. पट्ट्यावर नाही." आवाज चढला नाही तिचा. वर्गात मुलं गप्प बसेपर्यंत शिक्षक जसे उभे राहतात तशी ती उभी राहिली.

आता त्या तपासणीच्या बाईंबद्दल मला राग नाही, हे आधी सांगते. आठ-आठ तास उभं राहायचं, येईल त्या अनोळखी अंगावरून हात फिरवायचा, काही निसटलं तर मान त्यांचीच जाणार. त्यांनी वरिष्ठांना बोलावलं, तेही नीट. थांबावं लागलं, इतकंच.

राग आहे तो रांगेचा. आमच्यामागे एक बाई होती, माझ्याच वयाची, बोलण्यावरून ठाण्याकडची वाटली. ती म्हणाली, "अहो काकू, द्या ना काढून. आम्ही सगळ्या बायकाच आहोत इथे." पलीकडच्या पुरुषांच्या रांगेतून कुणीतरी घड्याळ दाखवलं. एकजण मला म्हणाला, "समजवा त्यांना." मी काय समजवायचं होतं? वयाची पासष्टी ओलांडलेल्या बाईने आपलं शरीर झाकून ठेवू नये, हे समजवायचं होतं?

"लपवायचं काही नसेल तर" म्हणणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या खटल्याला ज्यांचं नाव आहे ते के. एस. पुट्टस्वामी निवृत्त न्यायाधीश होते आणि ऐंशी उलटल्यावर आधारच्या सक्तीविरुद्ध कोर्टात गेले होते. त्या वयात त्यांना काय लपवायचं होतं? काहीच नाही. तरीही ते अडले, म्हणून आज तुमच्या-माझ्या हातात तो हक्क आहे.

हो, बॉम्बने पाडलेलं एअर इंडियाचं कनिष्क विमान मला माहीत आहे. 1985 साली 329 माणसं गेली. 1999 चं कंदाहारचं विमान अपहरणही आठवतं, आम्ही टीव्हीसमोरून हललो नव्हतो. तपासणी हवीच, मावशीही तपासणीला नाही म्हणाली नव्हती. ती "अशी नाही" म्हणाली होती. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने माझ्याशी वाद घालू नये.

आणि सगळ्यांना एकच माप असतं तर एक वेळ मी गप्प बसले असते. देशातल्या विमानतळांवर ज्यांची झडतीच होत नाही अशा लोकांची यादी आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, ठीक आहे, पदं आहेत. पण कोणतंही पद नसलेल्या, एका बड्या राजकीय घराण्याच्या जावयाचं नावही वर्षानुवर्षं त्या यादीत होतं, 2015 मध्ये निघालं. तेव्हा देशाची सुरक्षा धोक्यात आली नाही. ती येते आमच्या शाळामास्तरीण बाईच्या सिलिकॉनमुळे.

2021 च्या ऑक्टोबरमध्ये सुधा चंद्रन यांनी व्हिडिओ टाकला होता, आठवतोय? दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात, म्हणून. अपघातात पाय गेल्यावर जयपूर फूट लावून पुन्हा नाचणारी बाई. तिला हात जोडून पंतप्रधानांना विनंती करावी लागली. सुरक्षा दलाने दुसऱ्याच दिवशी जाहीर माफी मागितली, चांगलं केलं. पण सुधा चंद्रन यांना देश ओळखतो. माझ्या मावशीला उरणच्या बाजारात भाजीवाल्या ओळखतात. तिने व्हिडिओ टाकला असता तर तुम्ही "नौटंकी" लिहिलं असतं. मला खात्री आहे, कारण आज सकाळी तुम्ही तेच लिहिलंत.

अमेरिकेत लोकांनी या गोष्टीवर चांगलाच दंगा केला होता. 2010 साली तिथे अंगाची नागडी प्रतिमा दाखवणारी यंत्रं बसवली तेव्हा रिचमंडच्या विमानतळावर एका तरुणाने शर्ट काढला. छातीवर त्यांच्या घटनेतली चौथी दुरुस्ती लिहिलेली, विनाकारण झडती घेता येणार नाही, हे सांगणारी. त्याला बेड्या पडल्या. त्याने उलट दावा ठोकला आणि 2013 मध्ये अपील कोर्टाने त्याचं म्हणणं चालू ठेवण्याजोगं ठरवलं. पोर्टलंडला 2012 मध्ये एकजण निषेध म्हणून तपासणीच्या जागीच सगळे कपडे उतरवून उभा राहिला. न्यायाधीशाने निर्दोष सोडला, तरी सुरक्षा खात्याने नंतर दंड लावलाच. 2013 पर्यंत ती नागडं दाखवणारी यंत्रं तिथल्या विमानतळांवरून गेली. नुसत्या या दोघांमुळे नाही गेली, मान्य. पण गप्प बसणाऱ्यांमुळे तर नक्कीच नाही गेली.

मी कुणाला कपडे उतरवा म्हणत नाही. आपल्याकडे याचा वारसा आपल्याच मातीतला आहे, ते अमेरिकेचं कौतुक बाजूला ठेवू. दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या सरकारने भारतीय लोकांना दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायला लावली, त्यातून सत्याग्रह उभा राहिला. 16 ऑगस्ट 1908 ला जोहान्सबर्गच्या मशिदीच्या आवारात दोन हजारांवर दाखले कढईत जाळले. आज चेहऱ्याचा ठसा मागतात आणि आपण मान वर करून कॅमेऱ्यात बघतो. डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळात शिरायची सोय, ऐच्छिक आहे, सरकारच सांगतं, 1 डिसेंबर 2022 ला सुरू झाली तेव्हापासून सांगतं. ओळखपत्र आणि तिकीट दाखवून आत जाता येतं. आपल्यापैकी किती जणांनी एकदा तरी "नको, मी ओळखपत्र दाखवतो" म्हणून पाहिलं? मागचा माणूस काय म्हणेल, याचीच भीती ना?

आणि माझ्या माहेरच्या उरण भागाला तर हे कुणी शिकवूच नये. चिरनेरच्या जंगलात 25 सप्टेंबर 1930 ला माणसं सरकारचा कायदा मोडायला गेली आणि गोळ्या खाऊन पडली. 1984 च्या जानेवारीत नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जासई-दास्तानला शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी रस्त्यावर उतरले, पाच जण गेले. त्या आगीतून साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत. आज उलव्यात, पनवेलला, नवी मुंबईभर ज्या इमारतींत आपण राहतो त्यांतल्या किती त्या जमिनीवर आहेत, मोजा. नवा विमानतळसुद्धा गावं उठवून, त्याच लोकांच्या शेतांवर, खाडीवर उभा राहिलाय. अडून बसणाऱ्यांच्या जमिनीवर विमानं उतरतात आणि तिथे रांगेत कुणी दोन मिनिटं अडला तर तो नौटंकी.

मावशी 84 साली तरुण होती. ती मोर्चात होती की नव्हती, मी तिला कधी विचारलं नाही. तिच्या तोंडून त्या दिवसांबद्दल एवढंच ऐकलंय की गावात चुली पेटल्या नव्हत्या.

असो. चिडून लिहीत गेले. तर पुढे काय झालं ते सांगते. एक वरिष्ठ बाई आल्या. मावशीचं ऐकून घेतलं आणि तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या. स्फोटकं तपासायची पांढरी पट्टी कपड्यावरून आणि हातांवरून फिरवली, यंत्रात घातली, यंत्राने काही नाही म्हणून दाखवलं. संपलं. चहा उकळायला लागतो तेवढा वेळही लागला नाही. म्हणजे सोय होती. खोली होती, पट्टी होती, यंत्र होतं, समजूतदार बाई होती. कुणीतरी "ट्रेमध्ये नाही" म्हणेपर्यंत ती सगळी पडद्यामागे बसून होती. फ्लाइट कुणाचीही चुकली नाही, त्या ठाण्याच्या बाईचीही नाही. ती आमच्याच विमानात होती, पुढच्या रांगेत.

मावशी बाहेर आली ती पदर नीट करत. त्या पहिल्या बाईंना "थँक्यू हं" म्हणाली. मग मला म्हणाली, "पाय दुखायला लागले गो, बसू कुठेतरी." हात गार पडले होते तिचे. विमान सुटेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. ती घाबरली नव्हती असं मी म्हणणारच नाही. ती घाबरलेली होती आणि तरी उभी राहिली. त्या वेळी मागून एक जरी माणूस म्हणाला असता ना, "थांबतो आम्ही, काकू, तुम्ही सावकाश या," तर तिचे हात गार पडले नसते.

माझं मागणं एवढंच आहे. अडायचं धाडस प्रत्येकात नसतं, कबूल, सगळ्यांना परवडतही नाही. नोकरीचा इंटरव्ह्यू असतो, कुणाच्या अंत्यविधीला पोचायचं असतं. पण पुढचा अडला तर त्याला मागून ढकलू नका. "समजवा त्यांना" म्हणायचंच असेल तर गणवेशातल्या वरिष्ठांकडे बघून म्हणा, खोली उघडा, लवकर करा.

दिवाळीनंतर मावशी परत येणार आहे, या वेळी एकटी. तिच्यासाठी मी डॉक्टरांकडून एक पत्र घेऊन ठेवतेय. ऑपरेशनचा उल्लेख आणि "खासगी खोलीत तपासणी करावी" ही विनंती, मराठी, हिंदी, इंग्रजीत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी स्तनाचं ऑपरेशन झालेलं, पोटावर पिशवी लावलेली, कृत्रिम हातपाय असलेलं माणूस विमानाने जात असेल तर असं पत्र चालतं का, कुणाला दाखवायचं, सुरुवातीलाच की पडद्याआड गेल्यावर, हे खाली लिहा. चारचौघांत लिहायचं नसेल तर इनबॉक्समध्ये लिहा. मी उद्या सकाळी सगळं वाचून मावशीला फोन करणार आहे.