फुंकरीने पोट उतरत नाही, इनहेलर बंद करू नका

‘सीओपीडी असलेल्या पुरुषांनी रोज ओठांतून फुंकर मारत श्वास सोडला की पोटाचा घेर उतरतो, फुफ्फुसं मोकळी होतात आणि इनहेलर सुटतो,’ असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागणारा, फुफ्फुसांचा जुनाट आजार. मेसेजमधला शेवटचा, इनहेलर सुटण्याचा दावा धोक्याचा आहे.

ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणं उपयोगी आहेच. श्वासनळ्या लवकर मिटत नाहीत, अडकलेली हवा बाहेर पडते, धाप कमी लागते. पण त्याने चरबी जळत नाही. सीओपीडीचं निदान स्पायरोमेट्रीवर, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या चाचणीवर होतं: नळ्या उघडणारं औषध घेतल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा, जोरात सोडलेल्या एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरते. हा अडथळा व्यायामाने पुसला जात नाही. ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतही व्यायाम औषधांच्या जोडीला सांगितला आहे, बदली म्हणून नाही.

पोटाचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही. सुटलेलं पोट श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या स्नायूला, वर ढकलतं. आडवं झाल्यावर किंवा बूट घालायला वाकल्यावर ते जाणवतं. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपुढे गेली की पोटाचा लठ्ठपणा धरतात. तो उतरवायला चालणं, ताकदीचे व्यायाम आणि आहार लागतो. उपास करून तर मुळीच नको! त्यात स्नायू झडतात, आणि या आजारात वजन फार कमी होणं वाईटच.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका. कुणी इनहेलर थांबवला असेल, तर आजच डॉक्टरांना विचारायला सांगा.