छत्रभंग, गोम आणि घोड्याचा भाव

माघात चिंचलीच्या मायाक्काची जत्रा जवळ आली की बेळगाव जिल्ह्यात रायबाग-चिकोडीकडं घोड्यांच्या गप्पांना ऊत येतो. आणि दरवेळी तेच होतं: पायानं, छातीनं, स्वभावानं उत्तम असलेलं जनावर अंगावरच्या केसांच्या एका भोवऱ्यापायी नाकारलं जातं. याबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं.

खोगिराखाली भोवरा दिसला की छत्रभंग, म्हणजे धन्याचं छत्र जाणार. छातीवर असला तर हृदावळ, डोळ्याखाली आसूढाळ, तेही अशुभच. मानेवर केसांची लांबट उठलेली रेघ म्हणजे गोम. पायावरच्या भोवऱ्याचं टोक खाली असेल तर खुंटेगाड, शुभ, कारण घोडा दारात खुंटा रोवून राहतो. टोक वर असेल तर खुंटेउपाड. गळ्याशी देवमण नावाचा शुभ भोवरा असला की मात्र बाकी सगळं माफ!

भोवरा म्हणजे केसांच्या मुळांचा कल. तो गर्भातच ठरतो आणि मरेपर्यंत जागा सोडत नाही. कपाळावर तर जवळपास प्रत्येक घोड्याला असतोच. जुन्या अश्वशास्त्रातही दहा भोवरे ‘ध्रुव’, म्हणजे असायलाच हवेत असे, मानले आहेत. भोवरा घोड्याची ओळख सांगतो, धन्याचं नशीब नाही. रेसच्या घोड्यांच्या पासपोर्टवर भोवऱ्यांच्या जागा फुलीनं दाखवतात ते याचसाठी.

या भीतीवर पोट भरणारेही आहेत. खोड लपवायला केस कातरतात किंवा तिथं डाग देतात. कातरलेले केस पुन्हा तशाच वळणानं उगवतात, पण डागलेल्या जागी कातडी गुळगुळीत राहते नाहीतर पांढरे केस येतात. अंग ओलं करून तिरप्या उन्हात बघा, सगळं दिसतं. आणि बिचाऱ्या जनावराला विनाकारण चटके.

चारी पाय पांढरे आणि तोंडावर पट्टा, तो पंचकल्याणी. त्याला भाव जास्त. कपाळावर अंगठ्याखाली झाकेल एवढाच ठिपका असला तर सितारापेशानी, अशुभ! दोन्हीकडं कारण एकच, रंगपेशी नसलेली जागा. पांढरा खूर काळ्यापेक्षा मऊ असतो, हाही समजच. खरी अडचण पांढऱ्या केसांखालच्या गुलाबी कातडीची आहे. खानापूरच्या पावसात पाय चिखलात राहिले की टाचेमागं खपल्या धरतात, मग घोडा लंगडतो. रोज पाय धुऊन पूर्ण कोरडे करा, नुसतं धुऊन सोडू नका. गुलाबी नाकाला उन्हाळ्यात सावली द्या.

ज्याकडं बघायला हवं त्याकडं मात्र लक्ष जात नाही. जन्मताना गडद आणि वयानं पांढरा होत जाणारा सब्जा घोडा घेताना शेपूट उचलून बघा. उतारवयात अशा बहुतेक घोड्यांना तिथं काळ्या गाठी येतात. सुरुवातीला त्या दुखत नाहीत, पण वाढल्या की लीद टाकायला अडथळा होतो. पायांच्या आतल्या बाजूच्या शिंगासारख्या गाठी मात्र निरुपद्रवी. त्या सुरीनं कापू नका. तेल लावून मऊ झाल्या की वरचा थर हातानं निघतो.

दात बघाच. पुढचे मधले कायमचे दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. सुळे नराला चार-पाच वर्षांत येतात. घोडीला बहुधा नसतात, आणि असले तरी ती अपशकुनी ठरत नाही. वरच्या दाढांपुढं बारीक लांडगेदात असेल आणि लगामाचं लोखंड त्यावर घासत असेल, तर घोडा मान झटकतो. लोक त्याला खोडकर म्हणतात आणि चाबूक काढतात. तो दात जनावरांच्या डॉक्टरांकडून काढून घेतला की त्रास थांबतो.

ज्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व माउलींच्या वारीसाठी आळंदीला चालत जातात, त्या मुलखात घोड्याला पनवती म्हणून दारोदार विकलं जावं, हे मनाला लागतं. यंदा घोडा घेताना आधी त्याला कडक जमिनीवर सैल दोरीनं दुडकवा. दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. चारी खूर उचलून वास घ्या. कुजका वास आला तर खुराची पुतळी, म्हणजे तळव्यामधला मऊ त्रिकोणी भाग, सडलेली आहे. मग भोवरे मोजा, फोटो काढा, आणि घोडा चोरीला गेला तर पोलिसांना दाखवायला ते जपून ठेवा.