माळावर झाडं लावली की पक्षी परत येतील?

जून जवळ आला की तो मजकूर ग्रुपवर फिरू लागतो: ‘माळरान म्हणजे जंगलतोडीचं पाप. पडीक जागेवर झाडं लावा, पक्षी परत येतील.’ हेतू चांगलाच आहे, पण दावे तपासून घेऊ.

‘पडीक जागा’. सारा मिळत नाही ती जमीन पडीक, हा इंग्रजी अमदानीतला हिशेब. याच माळावर धनगरांची मेंढरं पोसली जातात, लांडगा आणि खोकड राहतात.

‘पूर्वी इथे जंगल होतं’. सोलापूर-नगरच्या पर्जन्यछायेत, मुरमाड जमिनीवर? तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य चाळून २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसतात हिवर, खैर, पळस, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ रानातलीच झाडं. संत कान्होपात्रेच्या कथेतलं पंढरपूरचं तरटीचं झाडही त्यांतलंच.

‘झाडं वाढली की पक्षी वाढतील’. वाढतील ना, बुलबुल आणि कावळे! तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून उसळ्या मारतो, दिवसाला शेकडो. मादीला तो दिसावा म्हणून ही सगळी उठाठेव; भोवती ग्लिरिसिडियाची झाडं माजली तर कोणाला दिसणार? डोंबारी चंडोल उंच जाऊन गिरक्या घेत खाली झेपावतो आणि घरटं करतो जमिनीवरच्या खळग्यात, कडेला खडे मांडून. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. शेजारी झाड उभं राहिलं की कावळ्याला टेहळणीची जागा मिळाली. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. आज तिथे एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. सगळा दोष झाडांवर ढकलायचा नाही, कालव्यावरचा ऊस आणि विजेच्या ताराही त्यात आहेत. पण ३३ कोटी वृक्षांसारख्या मोहिमा आखताना माळ मोकळा दिसतो आणि खड्डे तिथेच पडतात, ही भीती उगाच नाही.

‘कार्बन झाडंच साठवतात’. गवताळ रानात तो बहुतेक जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. खड्डे खणून तीच माती उसकटायची, हे अजबच.

झाडं गावात, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला जरूर लावा. माळावर करायची कामं वेगळी: बाहेरून आणलेली झुडपं काढणं, पवन्या-मारवेल या गवतांचं बी पेरणं, चराई आळीपाळीने ठेवणं. अकोला-वाशीमकडे तणमोराचे माळ राखण्यात फासेपारधी समाजातली माणसं पुढे आहेत. रोपांच्या वर्गणीआधी त्यांच्याकडून गवत ओळखायला शिकलेलं बरं.