खाडा माफ करा, पिशव्या वाचतील

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली वडवणी, धारूर, केज, पाटोद्याकडची गावं ओस पडतात. ऊस तोडायला टोळ्या सांगली-कोल्हापूरला, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी धरली जाते. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, त्यामुळं एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे पुन्हा अंगावर.

अशात बाईला पाळी येते. ती पहाटे फडात उतरतेच, मोळ्या डोक्यावर वाहते. कोपीजवळ, म्हणजे राहायच्या झोपडीजवळ, संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. दिवसभर तेच कापड. रात्री धुतलं तरी कुणाला दिसू नये म्हणून उन्हात वाळत घालत नाही. मग खाज, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं. यातली बरीच दुखणी वेळेवर तपासणी आणि गोळ्यांनी बरी होतात. पण खाजगी दवाखान्यात "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल" असं ऐकलं की तिशीतली बाई ऑपरेशनला तयार होते. खर्चासाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल.

२०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडा आला: बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. म्हणजे साधारण सहा जणींमागं एक!

"बायकाच अडाणी" असं कुणी म्हटलं की मला संताप येतो. त्या अडाणी नाहीत. पाळीच गेली तर खाडा वाचेल, हा हिशोब त्यांच्यावर लादलेला आहे. आणि तोही खोटा ठरतो. पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात. कंबर धरून बाई तोच ऊस तोडत राहते.

त्यानंतर बीडमध्ये पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही गरज नसलेल्या अशा शस्त्रक्रियांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना बजावलं. हे हवंच होतं. पण डॉक्टरला लगाम घातला तरी फडातला खाडा तसाच राहतो, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पाळीच्या दिवसांचा खाडा लागणार नाही, हे मुकादमाच्या करारात लेखी आलं पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं १० रुपये घ्यायचं ठरलंय. त्यातला पहिला खर्च कोप्यांजवळच्या पाण्यावर, संडासावर आणि न्हाणीवर करा. तोही पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत.