खाल्लेले शब्द

बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहूनच टाकतो. लांबलंय जरा, वेळ असेल तरच वाचा.

मी गात नाही. मी साउंड मिक्सरच्या मागे उभा असतो. पन्नास-साठ माणसं मावतील अशा छोट्या जागा, तिथे स्वतःच लिहिणारे, स्वतःच चाल लावणारे आणि गिटार घेऊन स्वतःच गाणारे लोक येतात, त्यांचं साउंड बघतो. नोकरी वेगळी आहे, हे शनिवार-रविवारचं वेड. आणि इतकी वर्षं हे करून माझं एक ठाम मत झालंय, की सगळ्यात चांगलं साउंड ज्याला लागतं त्यालाच आपण सगळ्यात भिकार साउंड देतो.

कसं ते सांगतो. सगळ्यांना पाठ असलेलं एखादं जुनं गाणं कोणी गायलं ना, तर स्पीकर कितीही फुटका असू दे, चालून जातं. दोन शब्द गेले तर ऐकणारा आपल्या डोक्यातून भरून घेतो, वर स्वतःही गुणगुणतो. स्वतःचं नवीन गाणं गाणाऱ्याला ही सोय नाही. समोरचा ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा शेवटचंही. दुसऱ्या ओळीतला एक शब्द गेला की तिसरी लागत नाही, तिसरी लागली नाही की माणूस शेजारच्याशी गप्पा सुरू करतो, आणि घरी जाताना म्हणतो गाण्यात काही दम नव्हता. अरे बाबा दम होता, त्यातले 'स' आणि 'त' तुझ्यापर्यंत पोचले नव्हते!

यात जादू काही नाहीये. आवाजाचा दणका असतो स्वरांत, पण शब्द कळतो तो व्यंजनांमुळे, आणि व्यंजनं बिचारी हलकी. साधारण 2 ते 4 किलोहर्ट्झच्या, म्हणजे जरा वरच्या, टोकदार आवाजांच्या पट्ट्यात शब्दांचा बराचसा स्पष्टपणा असतो आणि नेमका तिथेच गिटारच्या तारांचा खणखणाट येऊन बसतो. म्हणून मी गिटार त्या जागी थोडी कापतो, गळ्याचा खालचा घुमारा काढून टाकतो, आणि एको जवळजवळ शून्य. यावरून भांडणं झालीयेत. प्रत्येक दुसरा गायक येऊन कानात सांगतो, दादा जरा एको वाढवा ना. एकोमुळे गळा गोड लागतो हे मान्य, पण शब्द धुऊन निघतो, आणि तुझी सगळी इस्टेट तो शब्दच आहे रे.

आता जागेचं बघा. एका ठिकाणी (नाव घेत नाही) गायकाला बसवलं काउंटरच्या बाजूला कोपऱ्यात, एकच स्पीकर, तोही त्याच्या पाठीमागे म्हणजे माइकच्या थेट तोंडावर. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, तो नाही. साउंडचेक म्हणजे लोक येऊन बसलेत आणि हा 'हॅलो हॅलो वन टू' करतोय. स्पीकर पुढे घेऊ का विचारलं तर म्हणे येण्याजाण्याच्या वाटेत येतो. पहिलं गाणं सुरू झालं, टेबलांवर गप्पा चालू, मॅनेजर माझ्याकडे येऊन म्हणतो आवाज वाढवा, लोकांना ऐकू येत नाहीये. वाढवला. मग लोक अजून मोठ्यानं बोलायला लागले, परत वाढवला, आणि मग आली ती शिट्टी, फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमधे परत शिरून होणारी किंकाळी, सगळ्यांचे हात कानांवर. त्या पोरानं दोन महिने घासून लिहिलेलं कडवं त्या शिट्टीत गेलं.

गोंगाटात माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो, त्याला लोंबार्ड इफेक्ट म्हणतात. एतिएन लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मधे हे मांडलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी आमचा उपाय एकच, वाढवा अजून.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेनं उलटा रस्ता धरला. 1982 ला सुरू झालेली जागा, खुर्च्या फक्त नव्वदच्या आसपास, आणि नियम साधा, गाणं चालू असताना गप्प बसा. बोलणाऱ्याला चक्क 'श्श्श' करतात. गाणी लिहिणारे खोलीच्या मधोमध गोल करून बसतात आणि आळीपाळीनं आपापलं गाणं म्हणतात. पैसे लागले का याला? नाही. मालकाची हिंमत लागली.

इथे कोणीतरी कमेंट टाकणारच की खरं टॅलेंट असेल तर सगळं ऐकलं जातं, त्या गिटार घेऊन गाणाऱ्या अमेरिकन ट्रेसी चॅपमनला बघा. बघूया ना. 11 जून 1988, वेम्बली स्टेडियम, मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम. स्टीव्ही वंडर या बड्या गायकाच्या वाद्यांची हार्ड डिस्क ऐनवेळी सापडेना म्हणून एकदा गाऊन झालेल्या या मुलीला परत एकटीला स्टेजवर पाठवलं. पहिला अल्बम येऊन जेमतेम दोन महिने झालेले. अख्खं स्टेडियम तिनं धरून ठेवलं. पण ते रेकॉर्डिंग कान देऊन ऐका, एक गळा, एक गिटार, आणि प्रत्येक शब्द स्वच्छ. टॅलेंट होतंच हो, पण ते लोकांपर्यंत पोचवणारं कोणीतरी मिक्सरवरही होतं. (हो, इथे मी माझ्या जातभाईंची बाजू घेतोय.)

गाणाऱ्यांनो, तुम्हीही काही कमी नाही. एसएम58 हा माइक 1966 पासून जगभर चालतोय, दणकट आहे, पण त्याची जाळी मुठीत धरली की तोही हात टेकतो. आवाज बोदा होतो आणि शिट्टी लवकर येते. दांड्याला धरा. दोन ओळींचं गाणं समजावायला पाच मिनिटं भाषण नको. आणि मला न सांगता गिटारची केबल उपटू नका. (एकदा मीच म्युट न करता उपटली होती, असा धडाका झाला की पुढच्या टेबलावरच्या आजी उभ्याच राहिल्या. असो.)

पैशाबद्दल वेगळं लिहीन कधीतरी. 'एक्स्पोजर मिळेल' हा शब्द ऐकला तरी डोकं फिरतं.

मागच्या महिन्यातलं सांगतो आणि थांबतो. एक मुलगी गात होती, साउंड मला मनासारखं लागलंच नव्हतं, स्पीकरची जागाच चुकीची होती. कार्यक्रम संपल्यावर एक काका तिच्याकडे आले, म्हणाले, तुमची ती ओळ फार आवडली, 'दिवस उमटून गेला'. ती गोंधळली. तिनं लिहिलं होतं 'दिवस उलटून गेला'. क्षणभर दोघंही गप्प, मग तिनं वही काढली आणि तिथल्या तिथे 'उलटून' खोडलं.

आता ती 'उमटून'च गाते, आणि ओळ आधीपेक्षा भारी झालीये यात वाद नाही. मला मात्र दर वेळी ती ऐकली की कसंनुसं होतं, कारण मूळचा 'ल' मी खाल्लाय हे त्या खोलीत फक्त मला माहिती असतं.