वीस हजारांत ग्राफिक्स कार्ड? बसा बोंबलत!

आधीच सांगून टाकतो, गेमचं चित्र पडद्यावर उमटवणारं साधं कार्ड हवंय, मला फोरकेचं अतिबारीक चित्र नको. रे ट्रेसिंग, म्हणजे खऱ्यासारख्या प्रकाश-सावल्या, नको. कार्डावर लुकलुकणारे रंगीबेरंगी दिवे तर फुकट दिले तरी नकोत. मॉनिटर साधा १०८०पीचा आहे, सेटिंग मिडियमवर ठेवायची तयारी आहे आणि रात्री जेवणं उरकल्यावर दीड तास खेळायचंय. खिशात वीस हजार आहेत. एवढ्याशा गोष्टीपायी गेले तीन आठवडे डोक्याचं भजं झालंय.

सध्या घरात २०१८चा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे. कार्ड २०१६चं, मेमरी ४ जीबी. बिचाऱ्यानं आजवर पुष्कळ निभावलं. आता नवा गेम लावला की समोरची भिंत आधी चिखलासारखी दिसते, आणि मी ती ओलांडून पुढे गेलो की तिच्यावरच्या विटा उमटतात. म्हणून म्हटलं, बदलू.

तर पहिली पाचर म्हणजे नावं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० घ्यायचं म्हणता? कुठलं ३०५०? २०२२च्या जानेवारीत आलं ते ८ जीबीचं, त्यात २५६० कोअर, म्हणजे हिशेब करणारे चिमुकले भाग, आणि १२८ बिटची बस, म्हणजे मेमरीकडे जायचा रस्ता. मग २०२४च्या फेब्रुवारीत आलं ६ जीबीचं. तुम्हाला वाटेल, दोन जीबी कमी, बाकी तेच. छे! कोअरही कमी, २३०४. बसही कमी, ९६ बिट. हे सरळ सरळ दुसरं कार्ड आहे, पण बारसं मात्र थोरल्याच्याच नावानं. अरे, ३०४० म्हणा, ३०५० धाकटं म्हणा, काहीही म्हणा! आणि ही खोड आजची नाही. २०१६ साली १०६०चं ३ जीबीवालं आलं तेव्हाही कोअर गुपचूप छाटलेच होते. जीटी १०३०ची गोष्ट तर त्याहून भारी. २०१७ला वेगवान जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं, पुढच्या वर्षी त्याच नावानं साधी डीडीआर४ लावून आलं. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७च्याही खाली! नाव तेच. महागड्या कार्डात असा चावटपणा एकदा करून पाहिला होता, २०२२ साली ४०८०ची १२ जीबीवाली आवृत्ती जाहीर करून. लोकांनी अशी काही बोंब मारली की बाजारात यायच्या आधीच ती मागे घेतली. आमच्यासाठी कोण बोंबलणार? आम्ही वीस हजारवाले.

हे सगळं पाठ करून गेल्या शनिवारी डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरून कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठला. आदल्या दिवशी फोनवर रेट विचारून ठेवला होता. दुकान म्हणजे जिन्याखालचं भोक, काउंटरवर खोक्यांची चळत. शेठनं खोका पुढे सरकवला आणि फोनवरच्या रेटपेक्षा अकराशे जास्त सांगितले. ‘वो कल का रेट था.’ बरं. खोका हातात घेतला तर रेटचा पांढरा स्टिकर बरोब्बर कोपऱ्यातल्या त्या आकड्यावर, जिथे किती जीबी ते छापलेलं असतं. एवढा मोठा खोका, स्टिकरला तेवढीच जागा सापडली! नखानं टोक उचकटलं. आत ६.

म्हटलं, शेठ, फोनवर ८ सांगितलं होतं.

‘तीन हजार पचास बोला था ना? वही है. सेम है. दो जीबी से क्या फरक पडता है?’

काय फरक पडतो? दोन जीबीनं काही फरक पडत नाही तर स्टिकर कशाला चिकटवलास बाबा? वर म्हणे बिल हवं असेल तर अठरा टक्के वेगळे. म्हणजे रेट सांगताना जीएसटी आत की बाहेर, हे गिऱ्हाईकानं चेहरा बघून ओळखायचं. आणि नुसतं कार्ड मिळणार नाही, सोबत त्यांच्याकडचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, घ्यावा लागेल. जे कार्ड ७० वॉटवर चालतं, ज्याला बहुतेक वेळा पॉवरची वेगळी वायरसुद्धा लागत नाही, त्यासाठी नवा एसएमपीएस! खोका परत ठेवला आणि बाहेर येऊन कटिंग मारला. दुसरं करणार काय?

दुसरं काही बघावं म्हटलं, तर स्वस्त कार्डांची आणखी एक गंमत कळली. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी घ्या. बोर्डाशी बोलायला त्याला चारच लेन, म्हणजे वाटा. पीसीआयई, म्हणजे कार्ड बसतं ती खाच, ४.० पिढीची असलेल्या नव्या बोर्डावर निभावतं. माझा बोर्ड ३.०चा, तिथे त्याच चार लेनचा वेग निम्मा. त्यात मेमरी ४ जीबी, ती भरली की कार्ड पीसीच्या रॅमकडे धावणार, तेही याच अरुंद बोळातून. इंटेलचं बी५८० बघावं, तर १२ जीबी मेमरी, तोंडाला पाणी सुटतं. पण त्याला रिसायझेबल बार हवा, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय, आणि इंटेलच्या यादीत रायझन ३००० मालिकेपासून पुढचेच प्रोसेसर. माझा २६०० एका पायरीनं हुकला. आता मला सांगा, स्वस्त कार्ड शोधतो कोण? ज्याचा पीसी जुना आहे तोच ना? आणि ही कार्डं नीट चालणार कुणाकडे, तर ज्याच्याकडे नवा कोरा बोर्ड आहे त्याच्याकडे. ज्याच्या घरी विहीर त्यालाच टँकर!

त्यात परदेशातले रिव्ह्यूवाले. ‘फक्त २४९ डॉलर!’ अहो, डॉलर ८५ धरला तरी एकवीस हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले पंचवीस. दुकानदाराचं पोट अजून बाकीच आहे.

पण खरे डोक्यात जातात ते ‘थोडं बजेट वाढव’वाले. ऑफिसातला एक मित्र आहे, स्वतः कंपनीच्या लॅपटॉपवर पत्ते खेळतो. वीस म्हटलं की म्हणतो, अरे तीन हजार टाक, आरएक्स ६६०० बघ. तेवीसवर आलो की म्हणतो, आता एवढे घालतोच आहेस तर ४०६०च घे. तिथे पोचलो की म्हणतो, ८ जीबी? आजच्या काळात? वेडा आहेस का, १६ घे! अशानं उद्या हा मला कार्डासाठी सोसायटीचं कर्ज काढायला लावेल. ८ जीबीबद्दल मात्र तो चुकत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. २०१६ साली आरएक्स ४८०ला ८ जीबी होते, २३९ डॉलरला. २०२५ साली आरटीएक्स ५०६० आलं, २९९ डॉलरला, आणि मेमरी किती? ८. नऊ वर्षांत आमच्या गल्लीतला वडापाव कुठल्या कुठे गेला, मेमरी तिथेच.

सेकंडहँड घे म्हणता? तेही बघून झालं. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून ते चलन कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. पण विचारा कुणालाही, एकाचंही कार्ड मायनिंगचं नसतं. ‘ताई वापरायची, फक्त एक्सेल.’ ताईच्या एक्सेलनं पंख्याच्या बेअरिंगची खरखर झालीय! एकानं आरएक्स ५८० म्हणून फोटो पाठवला, बारकाईनं बघितलं तर २०४८एसपी. म्हणजे आतून जवळपास धाकटं ५७०च. इथेही नावाचाच घोळ.

तर १०५० टीआय अजून जागेवरच आहे. रविवारी पंखा काढून ब्रशनं धूळ झाडली, दोन अंश उतरलं, तेवढाच आनंद. काल संध्याकाळी त्या शेठचा मेसेज आला, ‘सर वो ३०५० का रेट मंडे से आठसौ बढेगा, बुक करू क्या?’ मी विचारलं, ६ का ८?

निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.